राजा हिज्कीया : यरुशलेम वाचलं, लाखीश गेलं

मृण्मयी_व

जुन्या करारातल्या राजांपैकी दावीद आणि शलमोन मराठी वाचकाला माहीत असतात. त्यांच्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी यरुशलेमच्या गादीवर आलेला हिज्कीया मात्र बायबल वाचणाऱ्यांपलीकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. मला तो सगळ्या इब्री राजांमध्ये अभ्यासाला सर्वांत समृद्ध वाटतो. दावीदाबद्दल बायबलबाहेर फार थोडं सापडतं. हिज्कीयाच्या बाबतीत त्याच्यावर चालून आलेल्या शत्रूच्या दप्तरातली नोंद आहे, शत्रूने आपल्या राजवाड्यात कोरून घेतलेलं युद्धशिल्प आहे, ते युद्ध जिथे झालं ते उकरलेलं शहर आहे, आणि खुद्द राजाच्या मोहरेचा मातीवरचा ठसाही आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. शलमोनानंतर राज्याचे दोन तुकडे झाले होते, उत्तरेला इस्राएल आणि दक्षिणेला यहूदा, ज्याची राजधानी यरुशलेम. हिज्कीयाचा बाप आहाज अश्शूरचा, म्हणजे आजच्या उत्तर इराकमधल्या बलाढ्य साम्राज्याचा, मांडलिक होता आणि मुकाट्याने खंडणी भरत होता. इ.स.पू. 722 च्या सुमारास अश्शूरने उत्तरेची राजधानी शोमरोन घेतली आणि तिथली माणसं उचलून दूरच्या प्रांतांत नेऊन वसवली. उत्तरेचं राज्य नकाशावरून पुसलं गेलं. पुरातत्त्वज्ञांच्या मते याच काळात यरुशलेम एकदम फुगलं. जुनं शहर एका अरुंद डोंगरसोंडेवर होतं, ते आता पश्चिमेच्या टेकडीवरही पसरलं. त्यात उत्तरेतून जीव वाचवून आलेले निर्वासित बरेच असावेत.

इ.स.पू. 705 मध्ये अश्शूरचा राजा सार्गोन रणात मारला गेला. त्याचं प्रेतसुद्धा परत मिळालं नाही. एवढ्या मोठ्या साम्राज्याचा राजा असा गेल्यावर मांडलिकांना वाटलं, हीच वेळ आहे. बाबेलमध्ये (बॅबिलॉनमध्ये) मरोदख-बलदान उठला, किनाऱ्यावर अश्कलोन उठलं. एक्रोन शहराच्या लोकांनी आपला अश्शूरधार्जिणा राजा पादी याला बेड्या घालून थेट हिज्कीयाच्या हवाली केलं. दुसऱ्या राज्याचा राजा यरुशलेमच्या कैदेत होता, म्हणजे हिज्कीया या बंडाच्या म्होरक्यांपैकी एक होता हे उघड आहे.

त्याची तयारी बघण्यासारखी आहे. पश्चिम टेकडीभोवती त्याने सात मीटर रुंदीचा तट बांधला. 1970 च्या दशकात नाहमान अविगाद यांनी तो उकरला आणि आज यरुशलेमच्या यहुदी वस्तीत रस्त्यावरून दिसतो. या तटाच्या आड येणारी घरं पाडली गेली. यशया संदेष्ट्याने नेमका याच गोष्टीवरून लोकांना फटकारलं आहे, की तटासाठी घरं मोजून पाडलीत, पाणी साठवलंत, पण ज्याने हे सगळं योजलं त्याच्याकडे पाहिलं नाहीत. मग पाणी शहराच्या आत आणणारं भुयार. आणि रसद. 'राजासाठी' असा शिक्का मारलेल्या मोठ्या रांजणांच्या मुठी यहूदाभर सापडल्या आहेत, दोन हजारांवर. शिक्क्यावर पंख पसरलेलं चिन्ह आणि चार ठिकाणांपैकी एकाचं नाव असतं, उदाहरणार्थ हेब्रोन. धान्य, तेल, द्राक्षारस गोळा करून वाटण्याची सरकारी व्यवस्था त्यामागे असणार. यातले शेकडो शिक्के एकट्या लाखीशमध्ये मिळाले.

इ.स.पू. 701 मध्ये सार्गोनचा मुलगा सन्हेरीब स्वतः आला. फिनिशियाचा किनारा, अश्कलोन, एल्तकेजवळ मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, फौजेशी लढाई, एक्रोन, आणि मग यहूदा. त्याच्या मातीच्या षट्कोनी स्तंभलेखात लिहिलं आहे की हिज्कीयाची 46 तटबंद शहरं आणि असंख्य लहान गावं घेतली, 2,00,150 माणसं बाहेर काढली, आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं त्याच्याच राजधानीत कोंडलं. आकडा फुगवलेला असेल. पण यरुशलेम घेतलं, असं तो कुठेही म्हणत नाही. बायबलही म्हणत नाही. दोन शत्रूंची दप्तरं इथे जुळतात.

इथवर सगळे लिहितात. माझं म्हणणं पुढचं आहे. यरुशलेम वाचलं म्हणून हिज्कीया थोर, असा हिशेब मांडला जातो तेव्हा लाखीश कुणाच्या खात्यात टाकायचं? यरुशलेमच्या नैर्ऋत्येला सुमारे 40 किलोमीटरवर असलेलं हे यहूदाचं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. तिथल्या माणसांना ना भुयार मिळालं, ना सात मीटरचा तट, ना बायबलच्या कथेत यरुशलेमला वाचवणारा देवदूत. तिथे एका जागी सुमारे दीड हजार माणसांची हाडं एकत्र टाकलेली सापडली, ती याच वेढ्यातल्या मृतांची असावीत असं बहुतेक संशोधकांना वाटतं. बंडाचा निर्णय राजधानीत झाला आणि किंमत शफेलाच्या, म्हणजे डोंगर आणि किनारा यांच्यामधल्या टेकड्यांच्या, पट्ट्याने मोजली. हिज्कीयाची कारकीर्द तोलताना ते पारडं कधी रिकामं ठेवू नये.

*

निरंजन

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. एक शंका. मी वाचलेल्या दोन पुस्तकांत हिज्कीयाच्या राज्यारोहणाची वर्षं वेगळी होती, एकात 727 आणि एकात 715. हा फरक कुठून येतो?

*

मृण्मयी_व

@निरंजन, फरक बायबलच्याच मजकुरातून येतो. '2 राजे' या बायबलमधल्या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात एका ठिकाणी शोमरोन हिज्कीयाच्या सहाव्या वर्षी पडलं असं आहे. तसं धरलं तर तो 727 च्या आसपास गादीवर आला. त्याच अध्यायात थोडं पुढे सन्हेरीब त्याच्या चौदाव्या वर्षी आला असं आहे. 701 मधून मागे मोजलं की 715 येतं. वयाच्या पंचविसाव्या वर्षी गादी आणि 29 वर्षं राज्य, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. बाप आणि मुलगा काही वर्षं एकत्र राज्य करत होते असं धरून काही जण गाठ सोडवतात. मी 715 धरते, कारण 701 हे वर्ष अश्शूरी दप्तरामुळे पक्कं आहे आणि पक्क्या खुंटीपासून मोजलेलं बरं.

*

भुयारी

पेशाने बोगद्यांच्या कामात आहे, म्हणून भुयाराबद्दल जरा लांब लिहितो.

गीहोनचा झरा शहराच्या तटाबाहेर, पूर्वेच्या उतारावर होता. वेढा पडला की शत्रू पाण्यावर बसणार. म्हणून झऱ्यापासून शहराच्या आतल्या दक्षिणेकडच्या शिलोह तळ्यापर्यंत डोंगर आतून पोखरला. लांबी 533 मीटर. सरळ रेषेत हे अंतर सव्वातीनशे मीटरच्या आसपास आहे, भुयार मात्र मोठी वळणं घेत जातं. रुंदी बहुतेक ठिकाणी एका माणसापुरती. आणि दोन टोकांच्या तळातला फरक साधारण 30 सेंटिमीटर. अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांबीला एवढाच उतार, तरी पाणी वाहतं. आजही वाहतं.

काम दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चाललं. भिंतींवर टिकावाचे घाव एका ठिकाणापर्यंत एका दिशेने तिरपे आहेत आणि तिथून पुढे उलट्या दिशेने. भेटीच्या जागेआधी दोन्ही गटांनी छोटे छोटे चुकीचे फाटे काढून सोडून दिलेले दिसतात. ते फाटे बघून माझ्या पोटात गोळा येतो. आमच्याकडे लेझर असतं, सर्वेक्षणाचे बिंदू असतात, तरी दोन तोंडं जुळायच्या आदल्या रात्री कुणाला झोप लागत नाही. यांच्याकडे तेलाचे दिवे आणि लोखंडी टिकाव.

भेटीचा क्षण त्यांनी लिहूनही ठेवला. 1880 मध्ये तिथे पाण्यात खेळणाऱ्या मुलांना भुयाराच्या दक्षिण टोकाजवळ भिंतीवर कोरलेला लेख दिसला. सहा ओळींचा. त्यात म्हटलं आहे की तीन हात खडक उरला असताना पलीकडून हाक मारणाऱ्या माणसाचा आवाज ऐकू आला, मग टिकावावर टिकाव घातला आणि पाणी झऱ्याकडून तळ्याकडे 1,200 हात वाहिलं, आणि डोक्यावर खडकाची उंची 100 हात होती. राजाचं नाव नाही, देवाचं नाव नाही. हा मजकूर कामावरच्या माणसांचा आहे. पुढे चोरांनी तो भिंतीतून कापून काढला, त्यात तो फुटला, आणि तेव्हा तिथे ऑटोमन राज्य असल्यामुळे आज इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

दिशा कशी साधली यावर दोन मतं आहेत. एक, खडकात आधीच पाण्याने केलेली चीर होती आणि ते तिच्यामागे गेले. दोन, वरून जमिनीवर ठोकून आवाजाच्या आधाराने खालच्यांना दिशा दिली. भिंतीवरचे फाटे बघता मला दुसरं जास्त पटतं. चीर हाताशी असती तर इतकं चाचपडावं लागलं नसतं.

*

निरंजन

@भुयारी, दंडवत! पण राजाचं नावच नसेल तर भुयार हिज्कीयाचंच कशावरून?

*

भुयारी

2 राजे 20 आणि 2 इतिहास 32 दोन्हींत त्याने पाणी वळवून शहरात आणल्याचा उल्लेख आहे. लेखाची अक्षरवळण त्याच काळाची. 2003 मध्ये भुयाराच्या गिलाव्यातले वनस्पतींचे अवशेष आणि छतावरचे चुनखडीचे थर तपासून आलेला काळही इ.स.पू. 700 च्या आसपासचा. ते त्याच्या थोडं आधी सुरू झालं असावं असं मानणारे पुरातत्त्वज्ञही आहेत. हे काम घाईघाईत उरकता येणारं नाही, त्यामुळे सन्हेरीब निघाल्यावर सुरू केलं असेल हे मलाही पटत नाही. वर्षानुवर्षांचं नियोजन आहे.

*

थेम्सकाठी

लाखीशची शिल्पं लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. अश्शूरच्या राजधानीत, निनवेत, सन्हेरीबच्या राजवाड्यात एक अख्खं दालन या एका विजयाला दिलं होतं. ब्रिटिश उत्खनक लेयार्डने 1840 च्या दशकात ते उकरलं. मृण्मयीताईंचा मुद्दा त्या दालनात उभं राहिलं की लगेच समजतो.

डावीकडून फौज येते, धनुर्धारी, गोफणवाले. मधे शहर. मातीदगडांच्या उतारावरून तट फोडायची यंत्रं चढवली आहेत. तटावरून लोक पेटते पलिते खाली टाकतायत, आणि यंत्राच्या आत उभा असलेला अश्शूरी सैनिक लांब दांड्याच्या पळीने यंत्राच्या तोंडावर पाणी ओततोय, ते पेटू नये म्हणून. शिल्पकाराने तेवढा तपशील बारकाईने टिपलाय. खाली शहराच्या वेशीतून माणसं बाहेर पडतायत. बायका डोक्यावरून पायापर्यंत पदर घेतलेल्या. बैलगाडीवर बोचकी आणि त्यांवर बसलेली पोरं. बाजूला तीन माणसं सुळावर चढवलेली. उजव्या टोकाला सिंहासनावर सन्हेरीब, समोर लूट सादर होतेय, आणि लेखात लाखीशचं नाव. राजाचा चेहरा नंतर कुणीतरी मुद्दाम छिन्नीने फोडलेला आहे.

सन्हेरीबने राजवाड्यात लाखीश लावलं याला अर्थ आहे. यरुशलेम लावायला त्याच्याकडे काही नव्हतं.

*

मृण्मयी_व

@थेम्सकाठी, फार छान लिहिलंत. त्या चित्राला प्रत्यक्ष जमिनीवर दुजोराही मिळतो. लाखीशच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर तो चढ आजही उभा आहे, आणि पूर्ण प्राचीन जगात उत्खननातून समोर आलेला अश्शूरी वेढ्याचा तो एकमेव चढ आहे. डेव्हिड उसिश्किन यांनी 1973 पासून वीसेक वर्षं तिथे काम केलं. शेकडो बाणाग्रं निघाली, आणि तटाच्या आतल्या बाजूला शहरवासीयांनी घाईने रचलेला उलटा भरावही निघाला. बाहेर चढ वाढतोय हे बघत आतून तटाला टेकू देत होते बिचारे. ते शेवटपर्यंत लढले.

*

एक_वाचक_नगर

धागा वाचनीय आहे, पण एका ठिकाणी मनापासून असहमत. आम्ही लहानपणापासून चर्चमध्ये हिज्कीया ऐकत आलो तो भुयार बांधणारा म्हणून नाही, प्रार्थना करणारा म्हणून. सन्हेरीबचा अधिकारी रब्शाके तटाखाली येऊन यहुद्यांच्या भाषेत ओरडतो. राजाचे अधिकारी विनवतात की बाबा अरामीत बोल, आम्हाला कळते, तटावरच्या लोकांसमोर हे नको. तो मुद्दाम आणखी मोठ्याने लोकांनाच सांगतो की हिज्कीया तुम्हाला फसवतोय, मिसर म्हणजे चेपलेला बोरू आहे, टेकाल तर हातात घुसेल. मग धमकीचं पत्र येतं. हिज्कीया ते पत्र घेऊन मंदिरात जातो आणि परमेश्वरासमोर उलगडून ठेवतो. तो पत्राला उत्तर लिहायला बसत नाही, आधी तिथे जातो. हा क्षण वगळून त्याची कारकीर्द तोलता येणार नाही. त्याने उच्चस्थानं (टेकड्यांवरची पूजास्थानं) मोडली, अशेरा (देवीचा पूजास्तंभ) तोडली, मोशेच्या काळापासून जपलेला पितळी साप लोक पूजायला लागले म्हणून तोही फोडला. पूर्वजांचा एवढा मोठा ठेवा फोडायला धैर्य लागतं. राज्यकारभाराच्या ताळेबंदात हे कुठेच बसत नाही का?

*

मृण्मयी_व

@एक_वाचक_नगर, पत्र उलगडून ठेवण्याचा प्रसंग मलाही पूर्ण बायबलमधल्या सर्वांत हलवून टाकणाऱ्या प्रसंगांपैकी वाटतो. तो वगळायचा नाहीच. पण त्याच्या एकच अध्याय आधी, 2 राजे 18:14 मध्ये, हाच राजा लाखीशला सन्हेरीबकडे निरोप धाडतो की माझं चुकलं, परत जा, लादाल ते भरीन. आणि 300 किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी, 30 किक्कार सोनं भरतो. मंदिराच्या दारांवरचा सोन्याचा पत्रा त्यानेच खरवडून दिला. अश्शूरी नोंदीत सोनं तेवढंच, 30, चांदी मात्र 800, शिवाय हस्तिदंती पलंग, हत्तीचं कातडं, त्याच्या मुली, गायक आणि गायिका. सोन्याचा आकडा दोन्हीकडे एक यावा हे मला विलक्षण वाटतं.

बायबलच्या लेखकांनी शरणागती आणि प्रार्थना दोन्ही जपल्या, एकही झाकली नाही, म्हणून त्या मजकुराबद्दल माझा आदर वाढतो. मी राजाला खाली खेचत नाहीये. शरण जाण्याचा निरोप लाखीश पडण्याआधी का गेला नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

*

एक_वाचक_नगर

शरण आधी गेला असता तर शोमरोनसारखी गत झाली नसती याची काय खात्री? शोमरोनच्या होशे राजानेही आधी खंडणी भरलीच होती.

*

मृण्मयी_व

खंडणी थांबवून मिसरशी संधान बांधल्यावर शोमरोन गेलं. म्हणजे हिज्कीयासमोर ते उदाहरण ताजं होतं. तरीही तुमचा मुद्दा मान्य, की अश्शूरचा शब्द हा भरवसा ठेवण्याजोगा नव्हता. यशया स्वतः मिसरच्या मदतीच्या पूर्ण विरोधात होता, हेही लक्षात घ्या. दरबारात दोन पक्ष असणार.

*

शायना_बेरशेबा

आमचं घराणं बेने इस्राएल (कोकणातले यहुदी), मूळ गाव अलिबाग तालुक्यात. आता इस्राएलमधल्या बेरशेबात राहते, मराठी घरात अजून आहे. इथे जवळच तेल बेरशेबा, म्हणजे प्राचीन बेरशेबाचं टेकाड, आहे. तिथे चार कोपऱ्यांना शिंगं असलेली दगडी वेदी सापडली, पण उभी नव्हे. तिचे दगड सुटे करून कोठाराच्या भिंतीत वापरलेले होते. योहानान अहारोनी यांनी ती 1973 मध्ये ओळखली. मूळ दगड आता यरुशलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहेत, इथे प्रतिकृती आहे. हिज्कीयाने यरुशलेमबाहेरच्या वेद्या मोडल्या त्याचा हा पुरावा, असं एक मत. सगळ्यांना मान्य नाही, पण दगड बघितले की मोडण्याचं काम किती नीटनेटकं केलं ते कळतं. तोडफोड नाही, पद्धतशीर उतरवून घेतलेली.

दुसरं म्हणजे आमच्या पूर्वजांबद्दलच्या ज्या कथा सांगितल्या जातात, त्यांत एक अशी की आम्ही उत्तरेच्या राज्यातले, शोमरोन पडल्यावर निघालेले. दुसरी कथा त्याहून बरीच नंतरची, अंतियोखस राजाच्या छळाच्या काळातली. नौगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून सात जोडपी वाचली हे मात्र सगळेच सांगतात. इतिहास म्हणून सिद्ध नाही. तरी पहिली कथा खरी धरली तर हिज्कीया गादीवर होता किंवा येऊ घातला होता त्याच सुमाराला आमचे लोक बाहेर पडले. म्हणून हा धागा मी दोनदा वाचला.

*

मृण्मयी_व

@शायना, तुमच्या प्रतिसादाने धाग्याचं मोल वाढलं. लाखीशच्या वेशीपाशीही 2016 मध्ये एक देवस्थान सापडल्याचं जाहीर झालं. तिथल्या वेद्यांची शिंगं छाटलेली होती आणि शौचकूपाचा दगड आत ठेवलेला होता, जागा भ्रष्ट करण्यासाठी ठेवला असावा असं उत्खननकर्त्यांचं म्हणणं. त्यावरही वाद आहे. पण धर्मसुधारणा राजधानीपुरती नव्हती या बाजूने अशा गोष्टी साठत चालल्या आहेत.

आणि मोहरेचा ठसा राहिलाच. एलात माझार यांच्या यरुशलेममधल्या ओफेल भागातल्या उत्खननातून आलेला, 2015 मध्ये जाहीर झालेला. जेमतेम एक सेंटिमीटरचा मातीचा तुकडा. 'यहूदाचा राजा आहाज याचा मुलगा हिज्कीया याची', आणि मधे पंख खाली झुकवलेलं सूर्यबिंब, दोन्ही बाजूंना मिसरी जीवनचिन्ह. मूर्ती फोडणाऱ्या राजाच्या मोहरेवर मिसरी चिन्हं आहेत. मला वाटतं ती त्या काळची राजेशाहीची सर्वमान्य भाषा होती, पूजेशी तिचा संबंध नसावा.

*

निरंजन

वेढा उठला कसा, यावर कुणी लिहा ना. 1,85,000 सैनिक एका रात्रीत मेले, हे नेमकं काय?

*

मृण्मयी_व

2 राजे 19 प्रमाणे परमेश्वराच्या दूताने रात्री छावणीत तेवढे मारले. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने मिसरमध्ये ऐकलेली कथा अशी की सन्हेरीबच्या फौजेच्या धनुष्याच्या दोऱ्या आणि ढालींचे पट्टे रात्री उंदरांनी कुरतडले. दोन्ही एकत्र ठेवून काहींनी रोगाच्या साथीचा तर्क केला. तिऱ्हाका राजा कूशी (मिसरच्या दक्षिणेकडची) फौज घेऊन येतोय अशी बातमी बायबलमध्येच आहे, म्हणून काही जण तिला महत्त्व देतात. मला सर्वांत साधं उत्तर पटतं. खंडणी मिळाली, शफेला उद्ध्वस्त झाला, त्यातली शहरं तोडून अश्दोद, एक्रोन आणि गाझाच्या राजांना वाटली, पादी आपल्या गादीवर परत बसला. हिज्कीया पंख छाटलेला राजा म्हणून उरला आणि सन्हेरीबला बाबेल सांभाळायचं होतं. डोंगरावरच्या एका शहरासाठी आणखी काही महिने घालवायची त्याला गरज उरली नव्हती. सन्हेरीब पुढे इ.स.पू. 681 मध्ये स्वतःच्या मुलाच्या हातून मेला, तेही बायबल आणि बाबेलची नोंद दोन्ही सांगतात.

*

एक_वाचक_नगर

साथ आली असेल तर ती कुणी पाठवली हा प्रश्न तसाच राहतो :) असो. आजारपणाबद्दल लिहा. अंजिराच्या पोटिसाचं.

*

मृण्मयी_व

हो. हिज्कीया मरणाला टेकला होता. यशयाने आधी निरवानिरव कर म्हणून सांगितलं, मग त्याने भिंतीकडे तोंड करून रडून प्रार्थना केली आणि पंधरा वर्षं वाढवून मिळाली. गळवावर अंजिराच्या लगद्याचा लेप घातला. पुढे बाबेलचे दूत बरं वाटलं का विचारायला आले, तर त्याने त्यांना अख्खं कोठार उघडून दाखवलं. यशया म्हणाला, हे सगळं एक दिवस बाबेलला जाईल, तुझे वंशज तिथे राजवाड्यात चाकर होतील. त्यावर हिज्कीया म्हणतो की परमेश्वराचं वचन चांगलं आहे, आणि मनात म्हणतो की माझ्या हयातीत तर शांतता राहील. मला हे वाक्य सहन होत नाही. लाखीशच्या बाबतीत माझं जे मत आहे ते या वाक्याने अधिक घट्ट होतं.

*

शायना_बेरशेबा

आणि त्याच्यानंतर मनश्शे. बापाने मोडलेलं सगळं परत बांधणारा. आमच्याकडे त्याचं नाव वाईट राजांतच येतं.

*

मृण्मयी_व

बाराव्या वर्षी गादी आणि 55 वर्षं राज्य. अश्शूरचा पुढचा राजा एसरहद्दोन याने निनवेतल्या बांधकामासाठी लाकूड आणि दगड पोचवणाऱ्या 22 राजांची यादी दिली आहे, त्यात 'यहूदाचा राजा मनश्शे' आहे. म्हणजे परत खंडणी, परत मांडलिकत्व. त्याच्या काळात दक्षिणेला नेगेवच्या वाळवंटी भागात नवी वस्ती वाढली, डोंगराळ भाग सावरला. शफेला मात्र पूर्वीसारखा कधी भरला नाही. लाखीश पुढे पुन्हा वसलं, पहिल्यापेक्षा लहान, आणि इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या फौजेने जाळलं. त्या शेवटच्या दिवसांत खापरांवर शाईने लिहिलेली पत्रं 1935 मध्ये तिथल्या वेशीच्या खोलीत सापडली. त्यांच्यावर वेगळा धागा काढते, कारण त्यातला मजकूर इथे दोन ओळींत उरकण्याजोगा नाही. शायना, तुम्ही लाखीशला जाऊन आला असाल तर वेशीच्या सध्याच्या स्थितीबद्दल तिथे जरूर लिहा.